तिरशिंगी

शनिवार पेठेत आमच्या गोठ्यात
एक म्हैस होती. तिचं डावं शिंग
कानाकडं वळायचं सोडून
सरळ रस्त्याकडं निघालेलं.
आण्णा तिला गेंदी म्हणायचे,
गल्ली म्हणायची तिरशिंगी.
हा शब्द मी तिच्यापासून शिकलो,
शाळेच्या आधी.

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर
ती ओळखीच्या हातालाच पान्हा सोडायची
आणि ओळखीचं कोण ते स्वतः ठरवायची.
एकदा बँकेतले साहेब पेला घेऊन
जरा जास्तच जवळ आले,
तर पेला गटारीत,
साहेब मागच्या स्कूटरवर.
आण्णांनी तिला काठी लावली नाही.
साहेबांचा शर्ट पुसत म्हणाले,
"तिनं बोलावलं नव्हतं की तुमास्नी."

पाडव्याला सगळ्यांच्या म्हशी
मोरपिसं लावून, शिंगं रंगवून
सायलेन्सर काढलेल्या गाड्यांमागं धावत होत्या.
आमची ऐन सागरमाळावर बसली.
रवंथ केला. उठली नाही.
ढोलवाले तिला वळसा घालून गेले.

मग मला बघायला पुण्याचे लोक आले.
चहा ठेवून मी म्हणालो, "येतो."
मुलाची आई हसली, "येते म्हण गं."
आमच्यात बायका येतो म्हणतात,
जातो म्हणतात,
आणि खरंच जातात.
मुलगा म्हणाला, राग येतो का तुला?
मी बराच वेळ पंख्याकडं बघत राहिलो.
त्याला तीन पाती होती, एक वाकडं.

जिन्यावर मावशी म्हणाली,
"पोरगी तिरशिंगी हाय, दाजी."
आण्णा चरवी घासत होते.
राख कमी पडली म्हणून त्यांनी आणखी मागितली,
एवढंच.

आता एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत
माझी एकोणीस वर्षं झाली.
निपाणी कधी, निपाणी कुठं, निपाणी लागली का.
बोर्ड वाचा म्हणतो.
कुणी काच वाजवली तर वर बघत नाही.
परवा एकजण पिशवी उचलता उचलता
पुटपुटला तो शब्द.
किती वर्षांनी ऐकला!
हात आपोआप कानापाशी गेला,
चाचपून बघितलं.

मागं एक म्हातारी उभी होती,
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.
तिनं काच वाजवली नव्हती.
तिला मी खिडकीतून हात बाहेर काढून
फलाट दाखवला,
बोट सरळ
रस्त्याकडं.