पट्टा ओढून बघा

विश्रामबागेत, रविवारी सकाळी,
गाडी धुऊन उभी केलेली. पांढरी वॅगनार, एमएच दहा,
टायरांना काळं पॉलिश, पुढं लिंबू-मिरची ताजी.
मगदूम म्हणाले, सून चालवायची,
कॉलेजला जायची आणि यायची, बस.

मी आरसी बुक वाचलं, दोनदा.
मालक दुसरा. कर्जाचा बोजा उतरलेला.
मोबाइलवर नंबर टाकला तर एक दंड निघाला,
पुष्पराज चौकात सिग्नल तोडल्याचा.
तो मी भरतो, मगदूम लगेच म्हणाले,
जणू काय ते तेवढंच होतं.

बाबालाल मिस्त्री मिरजेहून आलेले, माझ्या स्कूटीवर मागं बसून,
खिशात बॅटरी, रुमाल आणि एक लोहचुंबक.
ते कागद बघत नाहीत. "कागद माणसानं लिवलेला असतोय, ताई."
दारांवरून चुंबक फिरवत गेले.
मागचं डावं दार चुंबक धरेना.
"हितं लांबी भरलीया."
मीटर सांगत होता एक्केचाळीस हजार,
क्लचच्या पायडलचं रबर सांगत होतं नव्वद.
मिस्त्रींनी रबराचं ऐकलं.

इंजिन एका दमात सुरू झालं. एसी गार.
सीटकव्हर नवीकोरी, मोगऱ्याचा वास
इतका की मिस्त्रींना शिंक आली.
"एवढा वास कशापाई मारलाय?"
हे त्यांनी मला नाही, डॅशबोर्डला विचारलं.

मग ते मागच्या सीटवर बसले
आणि पट्टा ओढू लागले.
मागचा पट्टा कोण लावतं?
हात, दोन हात,
अहो, तुटेल, मगदूम म्हणाले,
आणि पट्टा आला पार तिथपर्यंत
जिथपर्यंत तो कधी येत नाही.
तिथं एक आडवी रेघ.
फिकट तपकिरी, चहाच्या कपाला राहते तशी.

मिस्त्रींनी नखानं खरवडून बोट माझ्यापुढं धरलं.
नसतं धरलं तरी चाललं असतं.
तो गाळ मी ओळखते.
आठ दिवस उपसलाय सुपलीनं,
गावभागातल्या आमच्या स्वयंपाकघरातून,
डाळीच्या डब्यांतून,
शिलाई मशीनच्या दातांतून.

"पूर कुणाला चुकलाय?" मगदूम हळू म्हणाले.
त्यांनी अंगणातली एक कुंडी उगाच सरळ केली.
"पण त्यानंतर कधी बंद पडली नाही. शपथ."
मला भांडायचं होतं.
तोंड उघडलंसुद्धा.

आमचं घर आम्ही पुढच्या उन्हाळ्यात विकलं.
भिंतीवरची रेघ आधी घासली, मग पुट्टी,
मग फिकट पिवळ्याचे दोन हात.
ती परत यायची, घाम फुटल्यासारखी.
शेवटी तिथं कपाट सरकवलं.
गिऱ्हाईक आलं, नवरा-बायको, तिला सातवा महिना.
जिन्याशी थांबून तिनं विचारलं,
पाणी येतं का हो इथं?
येतं की, मी म्हटलं,
रोज सकाळी सहाला. भरपूर.
ती हसली. तिनं नळाचंच विचारलं असणार
असं धरून मी चहा टाकला.

मिस्त्रींनी पट्टा सोडला.
तो सरकन आत गेला, रेघेसकट.
मगदूमांनी चाळीस हजार कमी केले, मग पन्नास.
विचार करून सांगते, म्हटलं.
तेही असंच म्हणाले होते,
आणि दुसऱ्या दिवशी टोकन घेऊन आले होते.

मिस्त्रींना तीनशे दिले आणि भडंगाचा पुडा.
शंभर त्यांनी परत केले.
"गाडी घेतलीच न्हाई, तर कशाचं?"
घेतली नाही असं मी अजून म्हटलं नव्हतं.

रात्री फोनमध्ये तिचा नंबर काढला.
अजून 'घर गिऱ्हाईक' म्हणूनच आहे.
फोटोत एक मुलगी, दोन शेंड्या, समोरचे दात पडलेले.
मागं आमची पिवळी भिंत, कपाट हलवलेलं,
आणि पोरीच्या डोक्याच्या बरंच वर
काहीतरी आडवं.
सावली असेल.
बोटांनी मोठं करून करून बघितलं,
फक्त फुटत गेलं.