खराटा

बोहोलहून निघताना सामानाचं वजन दोनदा केलं.
दोन्ही वेळा मी खराटा बाहेर काढला,
दोन्ही वेळा सासऱ्यांनी तो परत आत सरकवला,
टॉवेलांच्या मधोमध, आजारी माणसासारखा आडवा.
'तिथे अंगण नाही,' मी म्हटलं.
'अंगण नाही असं गाव कुठे असतं?'

असतं. आइसलंडात, एका फ्योर्डच्या टोकाला,
तीन बाजूंनी डोंगर, चौथीकडे शाईसारखं पाणी,
आणि विमानाच्या दाराशीच थांबलेला वारा.
क्रिस्पुलो दोन वर्षं आधी आलेला.
मी मिठी मारली तर हाताला नुसता कोट लागला.
आत कुठेतरी खोल, हळूहळू, तो सापडला.

घर मात्र उबदार. पाणी जमिनीतूनच कढत येतं,
उकडलेल्या अंड्यांचा वास घेऊन.
पहिल्या रात्री मायलीन नाक धरून आंघोळीला गेली
आणि तासभर बाहेरच आली नाही.
सासरे भिंतीतल्या पाइपावर तळवा ठेवून बसले,
ताप बघावा तसे.

मी कारखान्यात कॉड सोलते.
चाळीस वर्षं मासे धरलेला माणूस
रात्री जेवताना विचारतो,
'इथला मासा हाताला कसा लागतो?'
'मोजे असतात, बाबा. दोन जोड.'
त्यानंतर त्यांनी माशाबद्दल काही विचारलं नाही.

नोव्हेंबरात सूर्य डोंगरामागे गेला तो गेलाच.
दोन दिवस सासरे गप्प.
तिसऱ्या दिवशी क्रिस्पुलोला हळूच:
'याचं काही ठरलेलं असतं का?'

मग त्यांना काम सापडलं.
पहाटे, म्हणजे घड्याळातल्या पहाटे,
ते खराटा घेऊन पायऱ्यांवरचा बर्फ झाडत.
फावड्याला ऐकत नाही असा भुरभुरीत बर्फ
नारळाच्या हिरांना बरोबर ऐकतो.
खर्र, खर्र. अंथरुणात मला वाटायचं
बदामाची पानं पडलीत,
आता कोंबड्यांना हाकलायला उठायला हवं.
मग डोळे उघडायचे. डोळे उघडणं ही चूक असायची.

जानेवारीत समोरच्या डोंगरमाथ्यावर
उन्हाची एक चिंधी दिसली.
रोज थोडी खाली.
सासरे मायलीनच्या नारिंगी खडूने
खिडकीच्या काचेवर रेघ ओढत,
आज इथे, आज इथे, आज इथे.
अकरा रेघा झाल्या होत्या.
रविवारी मी घर आवरायला घेतलं
आणि काच पुसली.

ते काही बोलले नाहीत.
स्वच्छ काचेतून बराच वेळ बाहेर पाहिलं
आणि खडू मायलीनच्या डब्यात
त्याच्या जागी ठेवला. नारिंगी, लालच्या शेजारी.
माझ्यावर कुणी इतक्या जोरात ओरडलेलं नाही.

सूर्य गावात उतरणार त्या दिवशी आभाळ भरलेलं.
तरी खालच्या मजल्यावरची गुडनी
पॅनकेकची थाळी घेऊन वर आली,
साखर पेरलेले, गुंडाळलेले. इथे असंच करतात.
'पण आलाच नाही की,' मायलीन म्हणाली.
गुडनीने खांदे उडवले, कॉफी ओतली.
सासऱ्यांनी तीन खाल्ले. मग चौथा.
बोटांची साखर चाटत मला म्हणाले,
'नेनिता, वरच्या कोपऱ्यात एक रेघ राहिलीय.
तेवढी पुसू नकोस.'

एप्रिलमध्ये पायरीखालचा बर्फ विरघळला
आणि हीर वर आले, झडलेले, काळपट, ओले.
मायलीनने मोजले, सत्तावीस.
शून्य अंश होतं आणि तिने कोटाची चेन
पोटापर्यंत उघडली होती,
'उकडतंय,' आपल्या भाषेत नव्हे, त्यांच्या भाषेत.

सासरे हीर मांडीवर घेऊन सारखे करत होते.
'बांधता येतील. सुतळी हवी.'

मी पायात बूट सरकवले.
सुतळीला इथे काय म्हणतात,
ते मला माहीत आहे.