पाचवं बटण

पांढरी बटणं संपली होती त्या दिवशी.
शाळा उघडायची घाई, दुकानात गर्दी,
म्हणून रेवणच्या शर्टाला सगळ्यात खाली
निळं लावलं मी.
चड्डीत खोचल्यावर कुणाला दिसतंय.
असं मला आठवतं.

मानवतच्या ठाण्यात जमादारानं
टेबलावर जुना पेपर पसरला, वर शर्ट ठेवला.
डाव्या कालव्याच्या जाळीला अडकलेला,
गाळानं पापडासारखा कडक.
"मास्तर, शिलाई तुमचीच ना?"
काजं माझीच. कॉलरची दुहेरी टीप माझी.
बटणं पाच.
पाचही पांढरी.

मन्मथअप्पा म्हणाले, आमचाच हाय, लिहून टाका.
सोजर म्हणाली, मपल्या लेकराचा न्हाई.
दोघं एकाच बाकावर बसले होते,
मधे नऊ वर्षांचं पोर मावेल एवढी जागा.

त्या साली एकाच ताग्यातून
शंभरावर शर्ट शिवले असतील मी.
निळं बटण रेवणलाच गेलं होतं,
की मोंढ्यामागच्या दुसऱ्या कुणाला?
की सोजरनंच पुढं ते काढून पांढरं लावलं
आणि आता तिला ते आठवायचं नाहीये?
विचारलं नाही.
कसं विचारतात असलं?

जबाबात लिहिलं, ओळखता येत नाही.
खाली माझी सही, शाई थोडी पसरलेली.

मग पूर्णा स्टेशनात शेंगा विकताना दिसला,
नांदेडला हॉटेलात कपबशा धुताना दिसला,
चुलत्याच्या नव्या बोअरपाशी माती उकरलेली दिसली.
दिसलं सगळ्यांना. बघितलं कुणीच नाही.
जमादार बदलून गेला, फाइल परभणीला गेली.
चुलत्यानं बोअरवर मोटार बसवली,
पाणी गोड लागलंय म्हणतात.

अप्पा अधूनमधून दुकानात येतात.
स्टुलावर बसतात, मशीन ऐकतात, जातात.
सोजर समोरच्या टेलरकडं टाकते कपडे.
रस्त्यात भेटली तर आधी माझ्या हातांकडं बघते.

परवा खालचा खण साफ करताना
निळ्या बटणांचं ते कार्ड सापडलं.
बाराचं कार्ड.
उजेडात नेऊन मोजली, परत मोजली,
नातवाकडून मोजून घेतली.
एक कमी असतं
तर शटर तसंच उघडं टाकून
ठाण्याकडं पळत सुटलो असतो,
सोळा वर्षांनी का होईना.

दोन कमी आहेत.