रात्रीचा आकडा

वडगावात, दुपारी तीनला, गल्लीत माग खडखडत असताना
लुमाणानं इराप्पा कामकरच्या अँप्लिफायरचं बायस लावलं.
डावा हात खिशात. तो नियमच होता त्याचा,
चारशे व्होल्टला दुसरा हात दाखवायचा नाही.
प्लेटवर चारशे वीस, ग्रीडवर उणे चौतीस,
कॅथोडवर चाळीस मिलिअँपिअर.
"बस्स झालं की."

"उणं कशाला लागतं?" इराप्पानं विचारलं.
"धरून ठेवायला. नाहीतर सगळंच धावत सुटतंय."
इराप्पानं ताण्याच्या बीमला लोंबणाऱ्या
वजनाकडं नुसतं बोट केलं.
मराठी की कानडी, काहीच लागलं नाही मध्ये.

आठवड्यात निरोप आला: व्हॉल्व्ह लाल होऊलाय.
वातीचा नारिंगी उजेड नव्हे, तो असतोच;
आतला काळा पत्रा लाल,
चुलीत विसरलेल्या उलथन्यासारखा.
मी अँप दुकानात आणला. काही नाही.
परत नेला. परत लाल.
लुमाणा माझ्याकडं बघून म्हणाला,
"तू दिवसाच जातोस न्हवं?"

मग आम्ही रात्री गेलो.
साडेनऊपासून बसलो, इराप्पाच्या बायकोनं
दोनदा चहा दिला, दुसऱ्यांदा न विचारता.
दहाला माग थांबायला लागले,
कोपऱ्यावरचा, मग समोरचे चार, मग घरातला,
आणि मीटरचा काटा चढत गेला
दोनशे बारावरनं दोनशे त्रेचाळीस.
प्लेटवर चारशे ऐंशी.
कॅथोडवर अठ्ठावन्न.
पत्र्याच्या कडेला लाली.

लुमाणानं स्क्रू पाव वळसा फिरवला, थांबला,
अजून थोडा. छत्तीस.
"दुपारी जरा कोरडं वाजंल."
"दुपारी कोण ऐकतंय," इराप्पा म्हणाला,
"माग ऐकतेत."
आणि त्यानं रेकॉर्डवर सुई ठेवली,
इतक्या हळू, की आधी नुसतं धुळीचं ऐकू आलं.

लुमाणा जाऊन अकरा वर्षं झाली.
परवा इराप्पाच्या नातवानं तोच अँप आणला.
खालचा पत्रा उघडला तर आत पेन्सिलीनं
लुमाणाचं अक्षर: ३६, रात्री.
त्याच्याखाली तेच, कानडी आकड्यांत,
इराप्पानं कधी उघडला होता कोण जाणे.

त्या गल्लीत आता एकही माग नाही.
व्होल्टेज दिवसभर एकच असतं.
नवे व्हॉल्व्ह बसवले, सगळं जोडलं,
दुपारी चारलाच लावून देता आलं असतं.
मी दहा वाजायची वाट बघत बसलो,
डावा हात खिशात घालून.