दारफाळणी

त्या सणाला आमच्यात दार लावून घेतात.
सूर्य मावळायच्या आत आई कडी घालायची,
आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत
पाणी नाही, चूल नाही, कुणाला शिवणं नाही.
खालचा कोळसेवाला म्हणायचा,
तेल्यांची घरं आज पांढरी झाली.

सन चाळीस. मांडवी, इस्राएल मोहल्ला, दुसरा मजला.
बाबा सरकारच्या पलटणीत, मिसरात.
ज्या देशातून आपली माणसं पळाली
तिथेच हे पगारावर गेले, आई म्हणायची,
आणि मनिऑर्डर आली की डोळ्यांना लावायची.
मी नऊ वर्षांची. शलोम पाच. हन्ना अंगावर पिणारी.

पेल्यात खोबरेल, त्यावर वात, दिवा लावून झाला होता.
तेव्हा दार वाजलं.
आई हलली नाही.
पुन्हा वाजलं, मुठीने नाही, नखांनी.
मग फटीतून एक कोरडा, परका आवाज:
शमा इस्राएल.
तेवढंच. पुढचं त्याला भीतीने आठवेना की काय.

आमच्याकडे सांगतात,
नवगावच्या खडकांवर गलबत फुटलं,
पोथ्या बुडाल्या, भाषा बुडाली, सणांची नावं बुडाली,
सात बाया न् सात बाप्ये किनाऱ्याला लागले
तेव्हा तोंडात एवढेच दोन शब्द शिल्लक होते.
कुणीतरी त्यांना झोपडीत घेतलं.
कोळी असेल, आगरी असेल,
त्याचं नाव कुठल्याच पोथीत नाही.

शेगुलाबाई झिराडकर, माझी आई,
चौथी शिकलेली, झुरळाला भिणारी,
उठली
आणि कडी काढली.

एमिल त्याचं नाव.
तिकडे त्याच्या कागदावर शिक्का होता यहुदी म्हणून,
इकडचं सरकार म्हणत होतं, जर्मन.
तिकडच्या तारांतून सुटून बोटीने आला,
आता नगरच्या छावणीतल्या तारा.
हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसलं
की त्याने बूट दाराबाहेर काढले, पुन्हा आत घेतले,
आणि छातीशी धरून भिंतीला टेकला.
आईने पाणी पुढे केलं.
त्याने मान हलवली. त्याचाही उपास होता.

मला राग आला होता, खरं सांगते.
बाबा ज्यांच्याशी लढतायत त्यांच्यातलाच हा, मी म्हटलं.
आई म्हणाली, आज वर हिशेब लिहिणं चाललंय,
मध्ये बोलू नकोस.

शिळ्या सणाला दारं उघडतात, दान देतात.
त्या सकाळी पहिला आला रेवजी हवालदार, थळचा.
खाली रस्त्यात गोरा सार्जंट.
"बाई, घरात कोण आहे?"
आईचे ओठ पांढरे. कालच पापं धुतलेली,
आजच खोटं कसं बोलणार.
"नात्यातला."
"गाव?"
"नवगाव."
त्याने आत पाहिलं. पिंगट केस, घारे डोळे,
मांडीवर हन्ना, त्याच्या कोटाचं बटण चोखत.
"नवगावचा?"
"हो. गलबत फुटलं त्याचं."

थळ आणि नवगाव, शेजारशेजारचीच गावं.
आमच्या जुन्या थडग्यांवर याने गुरंही राखली असतील.
बराच वेळ तो वहीकडे बघत राहिला.
मग आईच्या ताटातली पुरी उचलली
आणि जिन्यातून ओरडला,
तेल्याचं घर हाय, साहेब. पाव्हणे हायत.
तो हुशार होता, दयाळू होता, की नुसताच भुकेला,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

एमिल एकवीस दिवस राहिला.
मग मोहल्ल्यात झडत्या सुरू झाल्या,
तसा एका पहाटे बूट हातात घेऊन जिना उतरला
आणि आपणहून ठाण्यावर गेला.
इतके दिवस कुठे होतास, साहेबाने विचारलं.
समुद्रावर, तो म्हणाला.
रेवजीने येऊन सांगितलं, आणि पाणीही न पिता गेला.
पत्र कधी आलं नाही.

बाबा परतले सेहेचाळीसला, एका कानाने बहिरे.
पहिल्याच रात्री आईने सगळं सांगितलं,
त्या दुसऱ्या कानाशी, मोठ्याने, आम्हालाही ऐकू येईल असं.
बाबा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, जेवायला काय घालत होतीस त्याला?
आपण खातो तेच, आई म्हणाली.
तिखट लागायचं. खायचा.