चष्मा

जुवाटकर मास्तरांचं राजकारण भाषणानं सुरू झालं नाही.
ते सुरू झालं खारेबावच्या उंबऱ्याउंबऱ्यावर,
काखेत सरकारी वही, खिशात गळकं पेन,
तळपायांना वाळत घातलेल्या सुकटीचे खवले.
मतदारांची यादी करायची होती. देशातली पहिलीच.

"नाव काय?"
"पांडग्याची आवस."
"ता नको. तुमचा नाव."
आतून हसू. मग भांड्यांचा आवाज. मग काहीच नाही.

पलीकडच्या गावच्या कारकुनानं लिहून टाकलं
अमक्याची बायको, तमक्याची सून,
आणि वरच्या कचेरीनं लाल शाईनं
ती सगळी खोडली.
मास्तर दारात बसून राहत,
दोन दोन तास, जाळं दुरुस्त करू लागत.
(त्यांना गाठ येत नसे. ते गेले की बायका
ती सोडवून पुन्हा मारत.)

माझी आई आडाळ्यावर सुरमई कापत होती.
तिचं सासरचं नाव ताटातल्या तांदळावर लिहिलेलं,
एकदाच, लग्नात; नंतर ते तांदूळ शिजलेही असतील.
ते तिनं घेतलं नाही.
हात न धुता म्हणाली,
"बायजा. लिवा, बायजा."
मी नऊ वर्षांचा.
आईला नाव असतं हे मला त्या दुपारी कळलं.

मग मास्तरांनी नोकरी सोडली आणि उभे राहिले. अपक्ष.
होडी मागितली होती. होडी मिळाली खोताच्या पुतण्याला,
ज्याला भरती-ओहोटी पंचांगात बघावी लागे.
मास्तरांना सायकल.
खारेबावात सायकल एकच, टपालवाल्याची,
आणि वाळू लागली की तीही त्याच्या खांद्यावर.
बुधाजी तांडेल म्हणाला,
"मास्तर, हिका वल्हा खंय लावतलास?"

खळीचा डबा माझ्याकडे होता.
सुरूच्या खोडांवर कागद धरत नसे,
खारा वारा रात्रीतून सोलून काढी.
मास्तर पुळणीवर एकटे सराव करत,
समुद्राकडे तोंड, एकच मागणी:
आगबोट धक्क्याला लागली पाहिजे,
बाळंतीण पडावातून न्यायला लागता नये.
समुद्र ऐकून घेई आणि परत जाई.

मतदानाला बायका गाऱ्हाण्याला निघाल्यासारख्या निघाल्या,
केसांत अबोली, मुठीत तांदूळ.
पडद्याआड पेट्या ओळीनं मांडलेल्या, एकेकाची एकेक.
तालुक्याला मोजणी झाली तेव्हा
मास्तरांच्या पेटीत निघाले
मतांच्या कागदांत मिसळलेले तांदूळ,
एक तांब्याचा पैसा, सुकलेलं जास्वंद,
आणि शाळेच्या वहीचा तुकडा:
"रामाचो ताप उतरांदे."
कारकून हसले. मास्तरांनी तुकडा मागून घेतला.
कौल डावा पडला. चारशे सोळा मतांनी.
अनामत वाचली, तेवढंच.

पुढं ते लोकल बोर्डात गेले, अकरा मतांनी,
पुढं मुंबईला विधानसभेत.
धक्का झाला, जरा चुकीच्या जागी,
आता तिथं गाळ आहे आणि पोरं क्रिकेट खेळतात.
त्यांच्यावर रागावलेली माणसं गावात अजून आहेत;
काही बाबतीत मीही.

पण ती पहिली निवडणूक.
आईला मी फार उशिरा विचारलं,
तुझं मत त्यांनाच ना?
ती तांदूळ निवडत होती.
"सायकल मी नाय बघलंय," म्हणाली.
"पेटयेवर चष्मो होतो, मास्तरांचो.
दोन गोल, मधी दांडी.
त्येच्यात टाकलंय."