बद्द

तांबट गल्लीत वाढलेल्या मुलीला
आवाज वेगळा शिकवावा लागत नाही,
असं मला वाटायचं.

बाबा पन्नास हंड्यांतला एक उचलत,
बोटाच्या पेरानं टिचकी मारत,
मान जरा तिरकी,
आणि बाजूला ठेवून देत. 'बद्द वाजतोय.'
गिऱ्हाइकाला चीर दिसायची नाही. मलाही नाही.
मग पाणी भरलं की
खालची फरशी हळूहळू ओली व्हायची.

पहिला महिना फाउंडेशन कोर्स.
निमाणीवरून आडगावची सव्वासातची बस,
घडी न मोडलेला एप्रन पिशवीत,
आणि नाका येईपर्यंत
ब्रेकियल प्लेक्ससच्या फांद्या ओठांतल्या ओठांत.
देहदान केलेल्या एका बाईंसमोर
आम्ही दीडशे जणांनी शपथ घेतली.
त्यांचं नाव आम्हाला सांगितलं नाही.
डाव्या अनामिकेवर अंगठीचा वळ होता,
फॉर्मालिनलाही न पुसता आलेला.
हाताचे सगळे स्नायू मी शिकले,
ते एक बोट शेवटी.

मग छाती वाजवून बघायची पाळी आली.
गायधनी मॅडम म्हणाल्या,
डावं मधलं बोट सपाट ठेवा,
उजव्या बोटानं त्याच्यावर ठोका.
मनगटातून. कोपरातून नाही, कुणाचं दार नाहीये ते.
आम्ही बाकं ठोकली, भिंती ठोकल्या,
मेसच्या वरची टाकी ठोकली
(दुपारी दोनलाच ती निम्मी होते,
हे होस्टेलला माझ्यामुळे कळलं).

खाट नंबर नऊ. कचरू गांगुर्डे,
पिंपळगावच्या कांदा मार्केटात हमाल.
उजव्या बाजूला, फुफ्फुसाच्या बाहेर पाणी.
'छान केस आहे,' कुणीतरी म्हणालं,
ते जागे असताना.
डिसेंबर. खिडकीची एक काच नव्हती,
सदरा गळ्याशी गोळा करून ते बसलेले,
पाठीवर पोत्यांनी घासून घासून काळी झालेली पट्टी.
दहा जणांनी ठोकून पाहिलं.
मी अकरावी.

हात चोळून गरम केले,
शिकवल्याप्रमाणे नाव सांगितलं,
'काका, वाजवून बघू का?'
आधीच्या दहा जणांना ते हो म्हणाले होते,
किंवा काहीच म्हणाले नव्हते;
आम्हाला दोन्ही सारखंच ऐकू आलं होतं.
मला म्हणाले, 'नको पोरी. आता राहू दे.'

मी त्यांचा सदरा खाली केला.
पाच बटणं, एक अर्धं तुटलेलं,
लावायला दोघांना मिळून बराच वेळ लागला.

लॉगबुकात रकाने आहेत:
पाहिलं. मदत केली. स्वतः केलं.
विचारलं, असा रकाना नाही.
मॅडमनी पेनाचं टोपण काढलं,
पान बघत राहिल्या, परत लावलं.
'उद्या ये. त्यांचा चहा झाल्यावर.'

रात्री बाबा बनियन वर करून स्टुलावर बसले.
चाळीस वर्षांच्या हातोडीनं
त्यांचे कान खाल्लेत, ओरडून सांगावं लागतं.
मी बोट ठेवलं, ठोकलं.
घुमलं, घुमलं, आणि बरगड्यांच्या शेवटी यकृतावर
बद्द.
त्यांना ऐकू आलं नाही.
माझा डावा हात दिव्याकडे नेऊन
ते नखामागचा लाल डाग बघत म्हणाले,
'घाव तर सगळा तुझ्याच बोटावर पडतोय की.'
आणि मग, जरा वेळानं, 'मग ठीक आहे.'

सकाळी नऊ नंबरच्या उशाशी
चहाचा रिकामा पेला.
गांगुर्डे आडवे न होता, टेकून,
श्वास जरा लांब घेत होते.
रात्रीच नळी घातली होती.
मला ओळखून त्यांनी स्वतःच वरची दोन बटणं सोडली.
'ये. वाजव आता.'

उजवी बाजू डावीसारखीच वाजली.
जे ऐकायला मी आले होते
ते खाटेखाली, काचेच्या बाटलीत,
फिकट पिवळं,
नळीच्या टोकाशी एखादाच बुडबुडा.